पाळी परत आली म्हणे

“सर्व्हायकल कॅन्सर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. नागपूरच्या दवाखान्यात बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासल्याचा, कागद त्यांच्या हातात होता. मला रडू नाही आलं. संताप आला, अन् सगळ्यात आधी स्वतःचाच.

माझी पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. मग एक दिवस डाग दिसला. आम्ही चिखल्याला खाणीच्या वसाहतीत राहतो. नळावर बोलले तर बाया हसत सुटल्या. पाळी परत आली म्हणे, जवान झालीस म्हणे. मीही हसले. हसण्यात सहा महिने गेले. मी अंगणवाडीत काम करते. कॅन्सर तपासणी शिबिरासाठी गावभरच्या बायांची नावं लिहिली, माझं तेवढं राहिलं. बायांनो, बंद झालेली पाळी काही वर्षांनी परत येत नसते. रक्त दिसलं की त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

घरी कळलं तसं सासूबाईंनी माझं ताट-गिलास वेगळं केलं. “हा रोग चांगल्या बाईले होत नाही,” असं माझ्या धाकट्या जावेला, मंदाला, सांगत होत्या. मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. नवरा ऐकून गप्प. त्याच्या त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

पुढच्या खेपेला मी त्याला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. तर हा खाली मान घालून विचारतो, “म्याडम, हिले हा कोणापासून लागला?”

बाई चिडल्याच. म्हणाल्या, एचपीव्ही नावाचा विषाणू आहे, शरीरसंबंधातून येतो, बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. पुरुष घेऊन फिरतो, त्याला पत्ताही नसतो. बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून देतं. एखादीच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. आपल्या पेशीत पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रथिन असतं. ते राखणदार, बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. विषाणूचं ई-सिक्स नावाचं प्रथिन आपल्याच पेशीतलं दुसरं एक प्रथिन फितवतं अन् त्याच्या हातून राखणदाराचा काटा काढतं. मग बिघडलेल्या पेशी मोकाट.

“म्हणजे घरभेदी,” मी म्हटलं.

“अगदी,” बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “वीस वर्षांपूर्वी तुमच्याकडूनही आला असेल. आता ते शोधता येत नाही. तिला उपचाराला वेळेवर आणा.”

घरी येऊन तो माझ्याच गिलासानं पाणी प्यायला, आईच्या समोर.

पंचवीस वेळा रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. आठवड्यातून एकदा किमो, म्हणजे सलाईनमधून औषध. शेवटी ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून शेक. जुलाब, उलट्या, लघवीला आग. कोणी म्हणत असेल सोपं असतं, तर खोटं बोलते. पण निभतं. तपासणीत गाठ दिसत नाही म्हणाल्या तेव्हा मी बाईंचे हात धरले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

राग मात्र गेला नाही, अन् जाऊही नये. परवा आरोग्य उपकेंद्रात याच कॅन्सरची तपासणी होती. मंदा चाळिशीची, सासूबाईंच्या धाकानं घरात बसलेली. मी तिला हात धरून उठवलं.

“बाई, मले काहीच होऊन नाही राहिलं,” ती म्हणाली. “मी कायले येऊ?”

“काही होऊन नाही राहिलं, तवाच जायचं असते,” मी म्हटलं, अन् सासूबाईंच्या समोरून तिला घेऊन गेले.