सीमेपलीकडचा जनरेटर

कुवेतचा नियम सरळ आहे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना असलेला माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला, की परवाना रद्द. आमच्या ह्यांचे पाच महिने सव्वीस दिवस झाले होते आणि हे पश्चिम आफ्रिकेत अडकून पडले होते.

हे इलेक्ट्रिकल फोरमन. लग्नानंतर नऊ वर्षं ते इथे कंपनीच्या कॅम्पात आणि मी रत्नागिरीला. मला इथल्या हॉस्पिटलात डायलिसिस नर्सची नोकरी लागली, तेव्हा कुठे फहाहीलला दोन खोल्यांत संसार मांडला. वर्षभरात कंपनीने ह्यांना तिकडे पाठवलं. तात्पुरतं म्हणे. डोंबलाचं तात्पुरतं!

सुरुवातीला फोनवर नुसतं कौतुक. तिथल्या शेजारी देशांनी मिळून संघ केलाय, एकाची वीज दुसऱ्याकडे जाते, कांद्याचे ट्रक सीमा ओलांडून थेट बंदराला लागतात. आमचं सबस्टेशन उभं राहिलं की गावोगाव गिरण्या चालतील बघ! मी म्हणायचे, "चालू देत गिरण्या, तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं."

मग तिथे लष्कराने सरकार उलथवलं. संघाने शिक्षा म्हणून सीमा बंद केल्या, शेजारच्या देशाने वीज तोडली. लष्करवाल्यांचं काय वाकडं झालं कोण जाणे. कांदे ट्रकमध्येच सडले आणि तालुक्याचं हॉस्पिटल अंधारात गेलं. ह्यांनी साइटवरचा जनरेटर नेऊन तिथे जोडून दिला. कुणी सांगितलं नव्हतं की विचारलं नव्हतं.

कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, त्याच्यापुढे मी रोज डोकं फोडत होते. मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला होता. त्या दुपारी त्याचाच फोन आला. उद्या तिथून परदेशी लोकांसाठी एक खास विमान निघतंय, त्यात ह्यांची जागा धरलीय, पुढचं कधी ते सांगता येत नाही. मी लगेच ह्यांना फोन लावला.

"उद्याच्या विमानात बसा. बाकी मला काही ऐकायचं नाहीये."

"अगं, जनरेटर सारखा बंद पडतोय. डिझेलात कचरा येतो. सांभाळणारं दुसरं कुणी नाही इथे."

"म्हणून काय आख्खी आफ्रिका तुमच्याच डोक्यावर दिलीय का? परवाना गेला की नोकरी गेली. परत तुम्ही तिकडे नि मी इकडे. नऊ वर्षं कमी पडली का हो?" मी इतकी ओरडत होते की शेजारीण दारात येऊन बघून गेली.

ते हळूच म्हणाले, "एक विचारू? डायलिसिसचं मशीन चालू असताना वीज गेली तर नळ्यांतलं रक्त परत कसं घालतात? इथली नर्स नवीन आहे. काल एका बाईचं रक्त नळ्यांतच गोठलं."

बारा वर्षं मी हेच काम करतेय.

"पंपाला हँडल असतं," मी म्हटलं. "ते हाताने फिरवायचं. सावकाश, बाणाच्या दिशेने. नळीत हवा दिसली की तिथल्या तिथे थांबायचं. तिला नीट समजावून सांगा. आत्ता किती जण आहेत मशीनवर?"

"चौघं. त्यात एक बाळंतीण आहे."

मी त्या लष्कराला शिव्या घातल्या, संघाला घातल्या, कंपनीलाही घातल्या. ह्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. आणि मग मीच म्हटलं, "थांबा तिथेच."

"नक्की?"

"नक्की-बिक्की विचारू नका, नाहीतर या म्हणेन."

पाचव्या दिवशी परवाना रद्द झाला. सीमा उघडल्यावर हे तिथून परस्पर रत्नागिरीला गेले. नवा व्हिसा अजून मिळत नाही आणि माझं इथलं कंत्राट संपलेलं नाही. रोज संध्याकाळी फोनवर बोलतो. पूर्वी मी ह्यांच्याशी कडाकडा भांडून मोकळी व्हायचे. आता भांडायलाही तोंड नाही, कारण थांबा म्हणणारी मीच.