शिवरंजनीचं स्थळ

माणिकप्पांच्या गिरणीवर दळण टाकायला अख्खं अणदूर यायचं, कारण माणूस कमालीचा काटेकोर. ज्वारीवर गहू टाकायच्या आधी गिरणी झाडून पुसून घ्यायचे आणि तरीही बाईला बजावायचे, "पयली मूठ बाजूला काढा, तिला ज्वारी लागलेली असती." असे हे अप्पा फसले ते मोबाईलच्या पायी.

लेकीचं, शिवरंजनीचं नाव त्यांनी लग्नाच्या एका ॲपवर घातलं होतं. फोटो, शिक्षण, उंची, शिवाय 'मनमिळाऊ' हा शब्द स्वतःच्या पदरचा. ॲप अप्पांच्या फोनमध्ये, पण नंबर लेकीचा दिलेला. पुढं स्थळ जमलं ते ओळखीतूनच, येरमाळ्याचं. अक्षता पडल्या आणि हल्लीच्या रीतीप्रमाणं सासरच्यांनी सुनेला नवं सिम दिलं. जुनं अप्पांनी हौसेनं मोडून टाकलं. नवं घर, नवा नंबर! ॲपवर बोट दाबून तेही फोनमधून काढलं आणि झालं सगळं साफ, म्हणून निश्चिंत झाले.

दोन वर्षांनी शिवरंजनी भरलेली बॅग घेऊन दारात उभी राहिली. तिच्या सासूचा भाऊ आपल्या मुलासाठी त्याच ॲपवर मुली बघत होता, तर त्यात भाचेसूनच निघाली. अविवाहित! वय तेवढं ॲपनं इमानदारीनं वाढवत आणलेलं.

"नांदायचं न्हाय म्हणून बापलेक दुसरं स्थळ बघायलाव व्हय, सासूबाई म्हणाल्या," ती सांगत होती.

"जावईबापू काय बोलले?"

"फोनमध्ये बघत बसले."

 अप्पांनी ॲप पुन्हा घेतलं. ॲप काढलं तरी खातं तसंच राहिलेलं. ते काढायला जावं तर ओटीपी जुन्या नंबरवर. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नोंदणीच्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा." तो नंबर मोडला म्हटलं, तरी तेच वाक्य. बाप आहे म्हणाले, आधार दाखवतो म्हणाले, तरी तेच. शेवटी वैतागून त्यांनी त्या मोडलेल्या नंबरलाच फोन लावला आणि तो लागला! नंबर आता अक्कलकोटकडच्या एका कानडी म्हाताऱ्याला मिळाला होता. ओटीपी म्हणताच त्यानं फोन कट केला. त्याचं काय चुकलं? अप्पांनी स्वतःच गिरणीच्या दारावर पाटी लावली होती, ओटीपी कुणालाही सांगू नका.

दुसऱ्यांदा त्यांनी कानडीत सुरुवात केली, आईच्या भाषेत. लेकीचं सांगता सांगता त्यांना रडूच फुटलं.  म्हातारा म्हणाला, मलाही लेकी आहेत, पाठवा तुमचा तो आकडा. आकडे त्यानं कानडीत सांगितले, शिवरंजनीनं दाबले. पडद्यावर आलं, 'तुमचे खाते व सर्व माहिती कायमची काढून टाकली आहे.' अप्पांनी ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

सकाळच्या एसटीनं लेकीला घेऊन ते येरमाळ्याला पोचले. बॅग ओट्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच फोन विहीणबाईंपुढं धरला.

"बघा, विहीणबाई, कायमचं गेलं. चूक माझी हाय. ते ऱ्हायलंय ह्ये पोरीला ठावंबी नव्हतं."

विहीणबाईंनी, राजेश्वरीबाईंनी, चष्मा लावून ते वाचलं. वाईट बाई नव्हती ती. बाजूला ठेवलेला स्वतःचा फोन उचलून तिनं भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. त्यात ॲपवरचाच फोटो फिरत होता: हिरव्या साडीतली शिवरंजनी, खाली मनमिळाऊ, अविवाहित. त्याच्याही खाली कुणाकुणाची हसणारी तोंडं.

"तुमच्यातनं गेलं असंल, अप्पा," ती म्हणाली. "पर हे किती घरात गेलंय, म्या कुणाकुणाच्या फोनमधनं काढू?"

दारात जावई विरेश उभा होता. बायकोकडं न बघता तो आपल्या फोनमध्ये बघत राहिला.

 ॲप काढताना दाबलं होतं तसं अप्पांनी विहिणीच्या हातातल्या त्या फोटोवर बोट दाबलं. फोटो नुसता मोठा झाला.

"सोडा, अप्पा," शिवरंजनी म्हणाली, आणि ओट्यावरची बॅग उचलून तिनं एसटीची वाट धरली.