सोवळ्यातला पंप

"आधी मोजू, मग भांडू," असं म्हणून आमचे इंजिनेरसाहेब कोटाच्या खिशातून फीत काढायचे. आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत मोरीवरून दोन घरांची जुंपली की यांना बोलावणं जायचं. हे इतका वेळ मोजत बसायचे, की भांडणाऱ्यांनाच भूक लागायची आणि दोघं आपापल्या घरी जेवायला निघून जायचे. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल म्हणा, पण आमचे साहेब म्हणजे नमुनाच.

इंग्रज सरकारच्या कालव्यांवर इंजिनेर होते. ते सोडून काशीला आले. दुपारी मुलांच्या शाळेत शिकवायचे, सकाळी घरी मुलींचा वर्ग, आणि गंगेला पूर आला की नाव घेऊन लोकांना काढायला हेच पुढे. आम्हा मुलींना नावानं हाक नाही. "या ओव्हरसियरबाई!" मी अकरा वर्षांची ओव्हरसियर, पण मी पोचायचे तेव्हा बाकीच्या पाट्या पुसत असायच्या.

त्याला कारण आमची आत्या. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचा स्वयंपाक गंगेच्या पाण्याशिवाय व्हायचा नाही, ते पाणी सोवळ्यातच भरायचं, आणि तिचे गुडघे गेलेले. वडील पहाटेच पूजा सांगायला बाहेर पडत. राहिले मी. एक्क्याऐंशी पायऱ्या, चार खेपा. पुढच्या वर्षी माझं लग्न व्हायचं होतं. तोवर अक्षर आलं तर आलं, नाहीतर जन्मभर अंगठा.

एके दिवशी यांनी घाटावर उभं राहून माझ्या खेपा मोजल्या आणि आमच्या खिडकीखाली येऊन ओरडले, "ताई, ही पोरगी रोज सहाशे अठ्ठेचाळीस पायऱ्या करते! मी पंपानं पाणी वर चढवतो."

"पंपात चामडं असतं," आत्या वरून म्हणाली. "चामड्याला लागलेलं पाणी मी घेणार नाही."

"मग चामडं नको. तुमचं जुनं सोवळं द्या."

आणि खरंच हो, त्या माणसानं आत्याच्या रेशमी सोवळ्याच्या चकत्या कापून पंपात बसवल्या. यंत्राचं तेल चालेना, म्हणून गाईचं तूप. दोन शास्त्रीबुवा तीन दिवस वाद घालत होते. शेवटी निर्णय झाला, की पंपाला रोज आंघोळ घालावी. हे पहाटे आधी स्वतः नहायचे, मग पंपाला न्हाऊ घालायचे, आणि रेशमी धोतर नेसून, डोक्याला साहेबी टोपी घालून दांडा हलवत उभे राहायचे. टोपीबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नव्हतं.

पाणी आलं! नळीतून थेट आत्याच्या घागरीत. दोन दिवस मी वर्गाला सगळ्यांच्या आधी.

तिसऱ्या दिवशी तुपाचा वास बंदरांना लागला. (आमच्याकडे माकडाला कुणी माकड म्हणत नाही.) वीसेक बंदरांनी पंप उघडून चाटूनपुसून स्वच्छ केला. एक तर सोवळ्याची चकती तोंडात धरून देवळाच्या कळसावर जाऊन बसला.

हे कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, "नकाशात बंदर धरले नव्हते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कळशी घेऊन घाटावर. बघते तर अख्खा वर्ग पायऱ्यांवर, आणि हे खडूनं लिहितायत.

मी रडकुंडीला आले. "अहो, अक्षरावर पाय पडेल!"

"म्हणून तर पायरीच्या उभ्या अंगावर लिहितोय. चढताना मोठ्यानं वाच, उतरताना आठव. चल!"

मी सोवळ्यात, म्हणून हे चार हात लांबून माझ्याबरोबर चढायचे, धापा टाकत. मागं मुलींची रांग. नहायला आलेले लोक म्हणायचे, ही कसली नवी प्रदक्षिणा? आत्या खिडकीतून डाफरायची, "पाणी हिंदकळतंय गं!" पण खिडकी सोडायची नाही.

त्या श्रावणात पूर आला. हे नाव घेऊन रामनगरला गेले, आणि तिकडेच तापानं पडले. आठ दिवसांनी नावाडी कागदांची गुंडाळी घेऊन आला. "बिटिया, इंजीनियर साहब भेजे हैं. बोले, तू ही पढ़ेगी."

नऊ कागद होते. एकेका कागदावर वीतभर उंचीचं एकेकच अक्षर. मला बारीक अक्षर लागायचं नाही, पायरीएवढंच यायचं, ते त्यांना ठाऊक होतं. आत्या सोवळ्यात होती, तरी तिनं ते परगावचे कागद हातात घेतले आणि जमिनीवर ओळीनं मांडले.

"वाच."

"पाणी उतरलं की येतो."

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

पाणी उतरलं. ते आले नाहीत. त्याच नावाड्यानं बातमी आणली.

घाटावरचा गाळ काढला त्या सकाळी मी कळशी घेऊन चढत होते. वरून आत्याची हाक आली, "आज आवाज का नाही गं?"

"लिहिलेलं सगळं धुऊन गेलं, आत्या."

खिडकीत कुणी दिसेना. मग दारातून आत्या आली. बसत बसत, एकेक पायरी सरकत ती माझ्यापाशी पोचली, आणि पदराखालून चुलीतला कोळसा काढून तिनं माझ्यापुढं धरला.

"ठेव ती कळशी. तुला येतं तेवढं लिही. मी बसलेय इथं."

मी लिहीत होते, आणि आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला हातानं बाजूला सारत होती. आमच्याकडं त्या दिवशी दुपार टळेपर्यंत चूल पेटली नाही.