कुंपणालगतची लागवड

भांगेच्या पैशाने जंगल वाचवायचं, असं आमच्या पाचव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मला लिफ्टमध्ये सांगितलं. लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याने पृथ्वीचं तापमानही आटोक्यात आणलं होतं. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने ना-नफा संस्था काढली होती. उत्तराखंडातून भांगेचं बी मागवायचं, बियांची पाकिटं, बियांचं तेल आणि साबण विकायचा, आणि वैद्याच्या चिठ्ठीवर पानांपासून केलेलं औषध. सुटलेला पैसा उजाड टेकड्यांवर झाडं लावायला आणि आपल्या बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांना त्यांच्या जमिनी मिळवून देणाऱ्या वकिलांना.

"सगळं कायदेशीर आहे, काका. बी विका, तेल विका, कोणी विचारत नाही. फक्त झाड लावायला परवाना लागतो."

बोरिवलीत भांग लावायला कोण बसलंय, असं मला वाटलं. मला विश्वस्त केलं गेलं, कारण मी निवृत्त होतो, मराठी बरं लिहीत होतो आणि फुकट होतो. बायको म्हणाली, "जन्मभर विम्याच्या कचेरीत बसलात, आता भांग विका."

उद्घाटन वांद्र्याला, एका काचेच्या इमारतीत झालं. एसी इतका होता की तापमानवाढीवर विश्वास ठेवणं जड जात होतं. एका बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून जंगलाच्या वतीने दीर्घ श्वास घ्यायला लावला. पाड्यावरून बसने आणलेल्या मंडळींनी तारप्याच्या सुरांवर नाच केला. पाहुण्यांचं जेवण वर होतं, नाचणाऱ्यांची पाकिटं खाली गाडीतळावर ठेवली होती. नाचणाऱ्यांत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. स्टेशनच्या पूर्वेला जमिनीवर बसून रानभाज्या विकणारी मावशी. शेवळं, कंटोळी, कुडाच्या शेंगा मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घेत आलो होतो. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. मला पाहून म्हणाली, "तू पन नाचतो काय इथं?"

तिचाही दावा संस्थेच्या यादीत होता. पाड्यावर घरामागे तिचा एक तुकडा होता. थोडा भात, बाकी काकडी, दुधी, पडवळ. तिच्या सासूच्या सासूपासून तो तुकडा त्या घरातल्या बायका कसत होत्या, पण कागदावर ते कुठेच नव्हतं. वनहक्काच्या दाव्यासाठी आधी जी पाहणी झाली ती भर उन्हाळ्यात. अहवालात आलं, झुडपी जागा, लागवड नाही. दावा तिथेच बसला. आमच्या वकिलाने खटपट करून दुसरी पाहणी मंजूर करून घेतली, आणि तीही पावसाळ्यात, पीक उभं असताना. संस्थेने केलेलं हे एक खरंखुरं काम. एरवी मी संस्थेबद्दल कौतुकाचा शब्द काढत नाही, म्हणून हे आवर्जून सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर कार्यक्रम झाला. प्रत्येक घराला एक कापडी पिशवी, तिच्यात साबण, तेलाची बाटली आणि पोषणासाठी बियांचं पाकीट. पिशवीवर भांगेचं पान हिरवंगार छापलेलं. शेजाऱ्याने भाषण केलं. हे झाड चार महिन्यांत पुरुषभर वाढतं, पाणी फार मागत नाही, माती सुधारतं, हवेतला कार्बन ओढून घेतं, असं झाड दुसरं नाही. मावशीने विचारलं, "भाजून खायचं का वाटून?"

"स्मूदीत घाला," शेजारी म्हणाला.

टाळ्या वाजल्या. त्या भाषणावर आमच्यापैकी कोणाचाही पूर्ण विश्वास नव्हता. शेजाऱ्याचा होता, पण भाषण करण्यापुरता. मावशीने मात्र ते खरं धरलं. मूठभर बी खाऊन पाहिलं, चव आवडली नाही. एवढ्या गुणाचं झाड म्हणतात तर लावून बघू, म्हणून उरलेलं तिने कुंपणालगत पेरलं. बी हातात आलं की ती पेरते, तेच तिचं काम. पाकिटाच्या मागे पेरू नये असं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

श्रावणात पाहणी झाली. भात पोटरीत आला होता, वेल मांडवावर चढले होते. अधिकारी समाधानाने बघत चालले होते, असं आमचा वकील सांगतो. मग ते कुंपणापाशी थांबले. तिथे छातीएवढी झाडं होती, आणि शेजारीच वाळत घातलेल्या पिशवीवर त्यांच्या पानाचं चित्र. तासाभरात पोलीस आले. झाडं उपटली, त्यात पडवळाचा मांडवही आडवा झाला. मावशीला नेलं.

विश्वस्तांची बैठक अंधेरीच्या ऑफिसात झाली. प्रश्न एकच होता. ते बी आपण वाटलं, हे पोलिसांना जाऊन सांगायचं की नाही?

"काका, इमोशनल होऊ नका," शेजारी म्हणाला. "आपलं नाव आलं तर औषधाचा परवाना जाईल. परवाना गेला की पैसा बंद, वकील बंद. एका तुकड्यासाठी बाकीच्या सगळ्या पाड्यांना वाऱ्यावर सोडायचं का?"

"ती आत बसलीय रे."

"पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं."

"तिला इंग्रजी येत असतं तर ती तुझ्या स्मूदीलाही हसली असती."

मग मत घेतलं गेलं. हात वर झाले, माझा सोडून सगळ्यांचे 'नाही'साठी. शेजाऱ्याचं गणित चुकीचं नव्हतं, हेच मला अजून टोचतं. बाकीच्या पाड्यांचं काम आजही चालू आहे.

मी एकटा पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गांजा तुम्ही वाटलात?"

"गांजा नाही, बी वाटलं."

"तेच ते. बसा."

माझा जबाब झाला. शेजाऱ्याला एकदा बोलावणं आलं. तो परवान्यांची फाइल दाखवून, चहा पिऊन परत आला. त्यानंतर तो लिफ्टमध्ये माझ्याशी बोललेला नाही, तेवढीच शांतता. वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या जबाबाचा जामिनाला उपयोग झाला, पण तोवर गणपती उलटून गेले होते. भात राखायला घरात कोणी नव्हतं. रानडुकरांनी तो झोपवला. खटला उभा आहे आणि दावा खटल्याचा निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवलाय. निकाल कधी लागेल, हे विचारल्यावर वकील फोनकडे बघतो.

परवा मी स्टेशनबाहेर गेलो तर मावशी तिच्या जागेवर होती. पुढ्यात मार्केटमधून आणलेली कोथिंबीर. कोथिंबीर तिने आयुष्यात कधी विकली नव्हती. खांद्याला तीच पिशवी, पान छापलेलं. मी म्हटलं, "मावशी, फेकून दे ना ती." ती म्हणाली, "का? पिशवी चांगली हाय."

मग तिने त्या पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढली. "वकिलानं दिला. वाचून सांग, काय लिवलंय."

मी उभ्या उभ्या वाचलं. सदर इसमाच्या ताब्यातील व वहिवाटीतील जमिनीत भात, भाजीपाला व कुंपणालगत गांजासदृश झाडांची लागवड आढळली. खाली सह्या, शिक्का.

"म्हंजे जमीन माझ्या ताब्यात हाय, असं लिवलंय?"

"हो."

"नि भात लावते, ते पन?"

"तेही आहे."

"आधीच्या साहेबानं झुडपी लिवलेलं." तिने कागद परत घेऊन जपून घडी घातली. "मग शिक्क्याचा हाय ना ह्यो? ह्याची एक झेरॉक्स काढून आन. दाव्याला लावू."

मी कागद घेतला आणि समोरच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिलो.