चौकातली शेवंती

छातीच्या कॅन्सरचे उपचार संपले आणि घरच्यांनी मला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं बसवून ठेवलं. आमच्या राजाजीनगरच्या घरात माया म्हणजे माणसाला उठू न देणं. पाण्याचा तांब्यासुद्धा जाऊबाई हातात आणून द्यायच्या. इकडे जिना चढताना पाय लटपटत होते, खांदा वर जात नव्हता. फिजिओथेरपिस्ट एकदा स्पष्टच म्हणाली, "बसून राहिलात तर बसूनच राहाल. व्यायाम म्हणूच नका त्याला. रोजचं एक काम धरा, ते पायी करा, आणि दुसऱ्या कुणाला करू देऊ नका."

मी देवपूजेची फुलं धरली. आंघोळ झाली की चपला घालायच्या आणि चौकातल्या फूलवालीकडून शेवंती आणायची. तर जाऊबाईंनी लगेच तिला सांगून पुडी फाटकाला अडकवायची सोय केली! मी ती बंद पाडली. मग वाटेतला कानडी किराणावाला स्टूल पुढे करू लागला, "अक्का, कूतकोळ्ळी, स्वल्प कॉफी?" बसा, थोडी कॉफी घ्या म्हणायचा; त्यालाही हात जोडले. पण ह्यांचं काय करायचं ते कळेना. माझा नवरा स्कूटर घेऊन माझ्यामागून यायचा, दोन्ही पाय जमिनीला घासत, बैलगाडीच्या चालीने. मागच्या रिक्षा हॉर्न वाजवून कान किटवायच्या. मला लाजही वाटायची आणि संतापही यायचा.

त्या सकाळी चढावर मला दम लागला. एका कंपाउंडच्या भिंतीला धरून उभी राहिले. स्कूटर लगेच शेजारी.

"बस मागे. झालं तेवढं पुरे."

"नाही. दम लागला तर थांबायचं, श्वास बसला की निघायचं, असंच सांगितलंय फिजिओथेरपिस्टने."

"हट्ट करू नकोस. पडलीस तर?"

"पडले तर उठेन. पण अहो, आज मागे बसले ना, तर उद्या मी चपलाच घालणार नाही. मी ओळखते मला."

"म्हणे उठेन!" हे भर रस्त्यात ओरडले. "न्हाणीघरात पडली होतीस तेव्हा कोणी उचललं? मला वाटलं, गेलीस. तेव्हापासून माझ्याच अंगात त्राण नाही. पुन्हा नाही उचलू शकणार मी तुला."

इतके दिवस मी समजत होते, हे मला सांभाळताहेत. हे तर नुसते घाबरलेले होते. मला गलबलून आलं. वाटलं, बसावं मागे, ह्यांच्या पाठीला डोकं टेकावं आणि घरी जावं. ह्यांना किती बरं वाटलं असतं! आणि खरं सांगायचं तर मलाही.

श्वास बसला होता. मी भिंत सोडली.

"तुम्ही घरी जा," मी म्हटलं. "उद्याही येऊ नका."

ह्यांचा चेहरा पडला. ह्यांनी स्कूटर वळवली. मी रडतच चढ चढले. स्कूटर परत मागून येईल, असं मला चौकापर्यंत वाटत होतं. यावी असंही फार वाटत होतं.