न्हाणीमागचा वेल

आप्पांचा एक नियम होता. ज्या रोपाचं नाव माहीत नाही, ते उपटायचं नाही.

माधवनगरात माझ्या मावशीच्या शेजारच्या खोलीत ते एकटे राहत. खोलीमागे न्हाणी, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली चार हात बाग. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तुळस, गवती चहा, मिरची, आणि त्यांच्या अधेमधे आपोआप उगवलेलं काहीबाही. मावशी रोज कुंपणावरून ओरडायची, "आवं आप्पा, ते गवत उपटा की! डास व्हत्यात." आप्पा खुरपं खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "नाव सांग त्येचं. सांगितलंस की उपटतो. वळख न्हाई, पाळख न्हाई, कुणाला घराभाईर काढायचं कसं?" मावशीला नाव सांगता यायचं नाही. गवत राहायचं.

म्हसवडजवळच्या आमच्या गावातून मी सांगलीला बी.एस्सी. करायला आले तेव्हा मावशी कामावर गेली होती आणि दाराला कुलूप होतं. कपड्यांची पिशवी आणि बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन मी पायरीवर उभी राहिले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्या दिवशी कोणी "कोण तू?" म्हणून दरडावलं असतं, तर मी बहुतेक परतीच्या एसटीत बसले असते. आप्पांनी विचारलं, पण वेगळ्या आवाजात. "कुणाची गं तू?" मी सांगितलं. त्यांनी गवती चहा घालून चहा केला आणि कप हातात देत म्हणाले, "बस. आमच्या हितं कुणाला उपटत न्हाईत." मी हसले नाही, कारण तेव्हा मला तो नियमच ठाऊक नव्हता.

आप्पा तरुणपणी कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुपवाडच्या एका लहान कारखान्यात लेथवर गेले. तिथे त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांनी गेली. त्याचं दुःख ते करत नसत. हाताची बोटं दाखवून म्हणायचे, "माझं दहा म्हंजी साडेनऊच. तेवढं सांभाळून घ्या." दम मात्र त्यांना फार लागायचा. खोलीतून न्हाणीपर्यंत जाताना ते मध्ये एकदा भिंतीला टेकत.

बाग त्यांची नव्हती, त्यांच्या बायकोची होती. हौसाक्का मी पाहिल्या नाहीत. मी येण्याआधीच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या आमच्याच बाजूच्या, म्हसवडच्या पलीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आप्पा मात्र नदीकाठचे, उसाच्या गावातले. एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही खरंच काहीच का उपटत नाही?" त्यांनी डब्यांकडे हात केला. "मला मशीन कळतं, पोरी. झाडं तिची. तिनं कुठं काय टाकलंया मला कुठं ठावं हाय? तण म्हणून उपटायचो, आन ते तिचंच आसायचं." त्यानंतर मी मावशीच्या ओरडण्याला कधी हसले नाही.

भोपळ्याचं, काकडीचं बी आमच्याकडे शेणात कालवून भिंतीला थापतात. वाळल्यावर कीड लागत नाही, पेरायच्या वेळी थापी काढायची आणि भिजवून फोडायची. हौसाक्कांनी शेवटच्या माहेरच्या फेरीत कसलंसं बी पदराला बांधून आणलं आणि न्हाणीमागच्या भिंतीवर थापलं. पेरणं झालंच नाही. कशाचं बी, ते आप्पांनी विचारलं नव्हतं. मी पहिल्या वर्षाला असताना पावसाळ्यात ती थापी ओल धरून खाली पडली आणि आठवड्याने तिथे एकच वेल वर आला. पानं हाताला खरबरीत लागायची.

आप्पा मला घेऊन गेले आणि वेलासमोर पाहुण्यासमोर बसावं तसे उकिडवे बसले. "तू झाडांचं शिकतीस न्हवं? ह्येचं नाव सांग. मरायच्या आधी तिला काय लावायचं व्हतं तेवढं मला कळू दे."

मला येत नव्हतं. लहानपणापासून मी वसतिगृहात वाढले. सुट्टीत रानात जायचे, पण आता आमच्याकडे बांधावरसुद्धा तणनाशक मारतात. तिथे पिकाशिवाय काही दिसतच नाही. पण "येत नाही" म्हणायची मला लाज वाटली. कॉलेजात मी रोजच ते मनातल्या मनात म्हणत होते. म्हणून म्हणाले, "सांगते आप्पा, शोधून."

मोबाइलवर पानाचा फोटो टाकला. तीन दिवसांत तीन नावं आली. आप्पा म्हणाले, "तुझ्या मोबाइलला रेशनकार्डाच्या कामाला लाव की. रोज नवं नाव घालतुया." मग मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. सर म्हणाले, काकडीच्या कुळातलं दिसतंय, पण नुसत्या पानावरून सांगता येणार नाही. फुलांसकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियमची शीट कर, नर फूल आणि मादी फूल दोन्ही हवीत.

वेलाला पिवळी फुलं पुष्कळ आली, पण सगळी नर. एका सकाळी एक मादी फूल दिसलं. त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढं लव असलेलं फळ होतं. मी कात्री घेऊन गेले. आप्पांनी विचारलं, "ह्ये कापल्यावर फळ?"

"दुसरं येईल, आप्पा."

 त्यांनी स्वतःच वेल उचलून धरला. "काप. शिकायचं काम हाय." शेतकऱ्याच्या मुलीला हे कळायला हवं होतं. एकच वेल, आणि त्याचं पहिलं फळ, ते मी वर्तमानपत्रात दाबून मारलं. सरांनी शीट पाहिली आणि म्हणाले, काकडीचीच एखादी गावठी जात असावी, पण आता पिकलेलं फळ पाहायला हवं. तेच फळ त्यांच्या हातात कागदासारखं चपटं झालेलं होतं.

पुढे कितीतरी दिवस पुन्हा नर फुलंच आली. आप्पांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त सकाळी न्हाणीकडे जाऊन येताना माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. अखेर पाऊस संपता संपता एक फळ धरलं. आप्पांनी हौसाक्कांच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फाडून त्याच्या देठाजवळ बांधली आणि मला बजावलं, "ही चिंधी बघितलीस न्हवं? ह्ये फळ बियाणाचं. तुला न्हाई, तुझ्या सरांनाबी न्हाई. तुझा कुणी मोठा सायब आला तर त्येलाबी न्हाई."

त्या दिवसांत ते हौसाक्कांबद्दल जास्त बोलायचे. "सांगलीची काकडी खाल्ली की तोंड वाकडं करायची बघ. म्हणायची, ह्यात नुसतं पाणी हाय. मी म्हणायचो, मग काय सोनं आसतंय व्हय काकडीत? हसायची. सांगितलं न्हाई तिनं. मीबी इचारलं न्हाई." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येक वेळी म्हणायचे.

दिवाळीला मी गावी निघाले तेव्हा फळ हिरवंच होतं आणि आप्पांना बसल्या जागी दम लागत होता. "तुम्हाला काय आणू आप्पा?" मी विचारलं. "नाव आण," ते म्हणाले.

ती शीट मी घरी नेली ती आईला दाखवायला. मुलगी काय शिकते ते तिने बघावं, एवढंच मनात होतं. आई शाळेत गेलेली नाही. तिने पीठ भरलेला हात लुगड्याला पुसला, कागदावर वाकली आणि म्हणाली, "अगं, ह्यो शेंदाडाचा येल. ह्येला कशाला चिकटपट्टी लावलीस?"

मी विचारलं, "नक्की?"

"नक्की काय नक्की! शेरडामागं हिंडताना आमी दुसरं काय खात व्हतो? बाजरीच्या रानात पडल्यालं आसायचं. पिकलं की फुटतंय, आन लांबनं वास येतुया. आंबूस, ग्वाड. आता कुठं ऱ्हायलंय?"

इतके महिने मी मोबाइलला विचारलं, सरांना विचारलं, लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं शब्द लावत वाचली. रविवारी आईशी फोनवर बोलत होते, पण तिला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती हौसाक्कांच्याच रानातली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी आप्पांना फोन लावायला घेतला. मग वाटलं, हे फोनवर सांगायचं नाही. समोर बसून सांगायचं, शेरडांसकट, बाजरीच्या रानासकट. त्यांचा चेहरा मला बघायचा होता. मी चार दिवस थांबले.

परत आले तेव्हा आप्पांच्या दाराला कुलूप होतं. मावशी माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "परवा गेलं गं. तुला सणासुदीचं कळवून रडवायचं कशाला म्हणून..."

नंतर तिने सगळं सांगितलं. मी गेल्यावर दोन दिवसांनी फळ पिवळं होऊन फुटलं. वास कुंपणाच्या अलीकडे आला. आप्पांनी त्याची एक फोड मावशीला दिली, एक स्वतः खाल्ली आणि पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "व्हय की. सांगलीच्या काकडीत नुसतं पाणीच हाय." मावशीला गवळ्याकडून शेण आणायला लावलं. तिने थट्टा केली, "आप्पा, फरशी सारवताय काय?" त्यांनी बी शेणात कालवलं, भिंतीला धरत धरत न्हाणीमागे गेले आणि जन्मात पहिल्यांदा थाप्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. रिक्षात बसताना मावशीला सांगून गेले, "चव कळली. नाव तेवढं ऱ्हायलं. पोरगी घिऊन यील."

मी न्हाणीमागे गेले. भिंतीवर पाच थाप्या होत्या. हौसाक्कांच्या असाव्यात तशा गोल नव्हत्या, वाकड्यातिकड्या होत्या. प्रत्येकीवर बोटं उमटली होती. तीन लांब, आणि एक आखूड.

पुढे त्यांचा पुतण्या आला, सामान घेऊन गेला. घरमालक भिंतींना रंग देणार होता, म्हणून मी सुरीने थाप्या सोडवल्या. त्यातल्या चारांचा सुटताना भुगा झाला. त्यांचं बी निवडून मी आईकडे पाठवलं. पाचवी अख्खी निघाली. ती मी माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली. शीटवर नाव ओळखणाऱ्याचं नाव लिहायची एक ओळ असते. तिथे मी आईचं नाव लिहिलं. सरांनी विचारलं, "या कोण?" मी सांगितलं. सरांनी शीट हातात धरून ते नाव पुन्हा वाचलं.

पाचवी थापी मात्र मला फोडवेना. उन्हाळ्यात आई आली, तिने फळीवर पाहिलं. "ह्ये कशापायी ठिवलंयस?" मी बोटांचे ठसे दाखवले. तिने त्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "फोड गं. ठिवून बी मरतंय. त्यानं त्ये ठिवायला न्हाई थापलं."

गेल्या आठवड्यात मी ती तसराळ्यात पाण्यात सोडली. लांब बोटांचे ठसे आधी विरले. आखूड बोटाचा खोल होता, तो थोडा वेळ राहिला. मग पाणी गढूळ झालं. सात बिया निघाल्या. तीन वर तरंगल्या, चार तळाला बसल्या. त्या चार मी आप्पांच्याच एका डब्यात पेरल्या आणि डबा न्हाणीमागे त्याच जागी ठेवला. शेजारी अजून भाडेकरू आलेला नाही. येईल त्याला आप्पांचा नियम माहीत नसणार. म्हणून डब्यावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, शेंदाड. मग त्या कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून एकदा मोठ्याने वाचलं.