अकरा पॅलेट प्रून्स

"ऍश, धक्क्यावर ये. आत्ताच," ग्रॅहम फोनवर म्हणाला. "आणि येताना तुझी ती नवीन सिस्टिम सोबत आण."

सिस्टिम सोबत नेता येत नाही. मी रेनकोट घेतला आणि निघालो.

ही साउथहॅम्प्टनच्या बंदरातली गोष्ट. क्रूझ जहाजांना खाण्यापिण्याचं सामान पुरवणारी एक कंपनी आमची क्लायंट होती. ग्रॅहम तिथला ऑपरेशन्स मॅनेजर. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला डेटाबेसवाला. आशुतोष हे नाव पहिल्याच दिवशी कापून त्याचं ऍश झालं होतं.

धक्क्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली अकरा पॅलेट उभी होती. पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, जी फोर्कलिफ्टने उचलतात. अकराही पॅलेटवर एकच माल होता. प्रून्स. म्हणजे सुकवलेले आलुबुखार.

"माझं जहाज साडेचारला सुटतं," ग्रॅहम म्हणाला. "त्यावर दोन हजार माणसं आहेत. त्यांच्यासाठी क्रीम नाही, फुलं नाहीत, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक नाही. कारण लॉरीत जागा नव्हती. लॉरीत हे होते." त्याने एका पॅलेटवर थाप मारली. "कोणी मागवले?"

"सिस्टिमने," मी म्हणालो.

उत्तर खरं होतं. पण ती सिस्टिम बसवणारा मी होतो, आणि हा माल एक महिना आधी मी स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर पाहिला होता. ते नीट सांगतो.

त्या वर्षी आमच्या डेटाबेसची नवीन आवृत्ती आली होती. तिच्यात दोन फीचर्स अशी होती की माझ्यासारख्या माणसाला झोप येऊ नये. पहिलं फोरकास्टिंग. कंपनीच्या सगळ्या जुन्या ऑर्डरींची एक प्रत वेगळ्या साठ्यात ठेवतात, तिला डेटा वेअरहाउस म्हणतात. हे फीचर ती प्रत चाळून पुढच्या आठवड्यात काय लागेल ते सांगायचं. दुसरं सबस्क्रिप्शन. तयार झालेला रिपोर्ट ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसाला आपोआप ईमेलने जायचा. मी दोन्ही जोडली. अंदाज निघाला की तो थेट सप्लायरकडे ऑर्डर म्हणून रवाना. मध्ये माणूस नाही.

मध्ये तोवर जो माणूस होता, त्याचं नाव मॉरीन. साठीला आलेल्या, पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत. संदीप आणि मी त्यांना आपसांत मॉरीनकाकू म्हणायचो. संदीप हा माझा नागपूरचा सहकारी. काकू आठवडाभर प्रत्येक जहाजाची ऑर्डर हाताने टाइप करायच्या आणि गुरुवारी पक्की करायच्या.

माझ्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड होती, "मॅन्युअल स्टेप्स रिमूव्ह्ड", म्हणजे हाताने करायची कोणती कामं काढून टाकली ते. तिच्यावर चौकोन होते. चौथ्या चौकोनात लिहिलं होतं, मॉरीन. क्लिक केलं की तो चौकोन गिरक्या घेत स्लाइडबाहेर उडून जायचा. ते ऍनिमेशन मी हौसेने घातलं होतं. मॉरीन खोलीत बसल्या होत्या. सगळे हसले. त्याही हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांना एचआरचं पत्र मिळालं. त्यांची जागा रद्द करण्याचा विचार चालू आहे, महिनाभरात निर्णय कळवू, असं. त्या चौकोनाचं मला आजही वाईट वाटतं. उडवायचाच होता तर सरळ तरी उडवायचा.

त्यानंतर एकदा त्यांनी मला विचारलं, "माझे गुरुवार कोण बघणार, लव्ह?" तिकडे वयस्कर बायका कोणालाही लव्ह म्हणतात, आपल्याकडच्या बाळासारखं.

"सिस्टिम बघेल," मी म्हणालो.

त्यांनी मला एक जाडजूड फाइल दिली. निळी, रिंगवाली, आतली पानं हाताने लिहिलेली. हँडओव्हर म्हणून. मी दोनदा थँक यू म्हणालो. मला मान खाली घालून काम करावं लागायचं आणि मान दुखायची. फाइलची जाडी मॉनिटरखाली ठेवायला अगदी योग्य होती. मी ती तिथे ठेवली.

आता टेस्टिंग. एका दुपारी संदीप स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अबे, हे प्रून म्हणजे काय असतं?"

"आलुबुखार. सुकवलेले."

"एवढे? बटाट्याच्या खालोखाल नंबर आहे बे ह्यांचा."

मी पाहिलं. खरंच होतं. प्रत्येक जहाज, प्रत्येक आठवडा, भरपूर प्रून्स.

"क्रूझवर सगळे रिटायर झालेले असतात," मी म्हणालो. "सकाळी बेकन, दुपारी चिप्स, रात्री स्टेक. पालेभाजी औषधालाही नाही. लागत असतील."

संदीपने विचार केला. "माझ्या आजोबांना रोज इसबगोल लागायचं."

"तेच ते."

"पण एकदा ग्रॅहमला विचारून घे ना."

"काय विचारू? तुमच्या गिऱ्हाइकांना सकाळी साफ होतं का?"

क्लायंटला असं विचारायची माझी हिंमत नव्हती. मॉरीनना विचारता आलं असतं. त्या सहा पावलांवर बसायच्या. पण आमच्याकडे रिक्वायरमेंट, म्हणजे काय हवं ते, मॅनेजरकडून येते, टाइप करणाऱ्या बाईकडून येत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तो पर्याय सुचलाच नाही. शिवाय त्यांच्या डोळ्यांत बघायला मला जड जात होतं. टेस्ट रिपोर्टमध्ये प्रून्सच्या ओळीपुढे मी लिहिलं, "प्रवाशांच्या वयोमानाशी सुसंगत". खाली सही केली. आमच्या पुण्याच्या ऑफिसने त्या वाक्याचं कौतुक केलं. म्हणे, डोमेन नॉलेज, म्हणजे क्लायंटच्या धंद्याची जाण, दिसतं.

सप्लायरने तरी विचारायचं होतं. पण अकरा पॅलेटची ऑर्डर आल्यावर कुठला सप्लायर विचारतो? त्याने मालासोबत आभाराचं एक गिफ्ट हॅम्पर पाठवलं होतं.

तर, धक्का. सव्वाबारा वाजले होते. ग्रॅहम प्रून्सकडे बघत उभा होता, मी ग्रॅहमकडे. तेवढ्यात मॉरीन गोदामातून छत्री घेऊन आल्या. त्यांचा त्या दिवशी ऑर्डरशी काही संबंध नव्हता, त्यांचं लॉगइन मीच सोमवारी बंद केलं होतं. त्यांनी पॅलेट पाहिली, "ओ डिअर," म्हणाल्या आणि मोबाइल काढला. फुलवाल्याला नावाने हाक मारून त्यांनी त्याची व्हॅन मागवली. दूधवाल्याला त्याच्या बायकोची तब्येत विचारली आणि मग गाडी मागितली. तीन वाजता क्रीम, फुलं आणि केक जहाजावर होते. प्रून्स धक्क्यावर.

ग्रॅहम मला म्हणाला, "सोमवारी सकाळी मीटिंग. त्याआधी लेखी कारण हवं. कोणाची चूक, ते नाव घालून."

मी ऑफिसात जाऊन जुना डेटा उघडला आणि वीस मिनिटांत कारण सापडलं. प्रून्स दर गुरुवारी ऑर्डरमध्ये यायचे आणि दर शुक्रवारी सकाळी पुसले जायचे. दोन्ही वेळा लॉगइन एकच, मॉरीन. आमची प्रत गुरुवारी संध्याकाळी निघायची. त्यामुळे वेअरहाउसमध्ये वर्षानुवर्षांचे प्रून्स साठले होते, जे कधी कोणी खाल्लेच नव्हते.

"सुटलास," संदीप म्हणाला. "डेटा इश्यू. युजरने खोट्या एंट्री केल्या. लिहून टाक."

"काकूंची नोकरी आधीच टांगणीवर आहे. हे वाचलं तर त्यांना शिस्तभंगाखाली काढतील."

"तू खोटं थोडंच लिहितोयस?"

खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. मी ईमेल लिहिला. "कारण: युजर मॉरीन यांनी सोर्स सिस्टिममध्ये केलेल्या डमी एंट्री." आणि सेंड दाबलं. कोणी माझा हात धरून दाबायला लावलं नव्हतं. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता, मुलगी नुकती इथल्या शाळेत जायला लागली होती, हे सगळं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच कारण नव्हतं.

चार वाजता मॉरीन माझ्या टेबलाशी आल्या.

"ऍश, पहिलं पान वाचलं होतंस ना?"

"कसलं?"

त्यांनी माझ्या मॉनिटरखाली पाहिलं. मीही पाहिलं. त्या कोट घालून बसस्टॉपकडे गेल्या.

मी मॉनिटर उचलून फाइल काढली. पहिल्या पानावर, टपोऱ्या अक्षरात, लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: "प्रून्स खरे नाहीत."

खाली कारण होतं. लॉरीतली जागा गुरुवारी दुपारी बुक करावी लागते. जहाजाच्या स्वयंपाकघराला ऐनवेळी काय हवं ते शुक्रवारी सकाळी कळतं. जुनी सिस्टिम रिकामी जागा बुक करू देत नाही, काहीतरी वस्तू टाकावीच लागते. म्हणून गुरुवारी प्रून्स, आणि शुक्रवारी ते पुसून त्या जागी खरा माल. ते नासत नाहीत, आणि इतक्या वर्षांत एकाही जहाजाने ते स्वतःहून मागितलेले नाहीत. शेवटी एक ओळ: "नव्या मुलाला हे पहिल्या दिवशी सांगणे." नवा मुलगा म्हणजे मी. मी बेचाळीस वर्षांचा होतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मग सोमवारी सांग ना त्याला."

"ईमेल गेलाय गं."

"दुसरा पाठव. की एकाच ईमेलचे पैसे भरलेत?"

मी शनिवारी दुसरा ईमेल लिहिला. रविवारी तो जास्त नम्र केला. नम्र करता करता त्यातून माझं नाव निघून गेलं, म्हणून पाठवला नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये ग्रॅहम, एचआरची बाई, मॉरीन आणि मी. ग्रॅहमच्या हातात माझ्या ईमेलची प्रिंट होती.

"मॉरीन, तुम्ही खोट्या एंट्री करत होता?"

"हो," मॉरीन म्हणाल्या. एवढंच. पुढे त्या चहा ढवळत राहिल्या. फाइलचं नावही घेतलं नाही. त्या मला संधी देत होत्या की माझी परीक्षा घेत होत्या, हे मला कळलेलं नाही.

मी फाइल टेबलावर ठेवली. "त्यांनी हे लिहून दिलं होतं. पहिल्याच पानावर. मी वाचलं नाही."

ग्रॅहमने पान वाचलं. "का नाही वाचलं?"

"मी ती मॉनिटरखाली ठेवली होती."

"मॉनिटरखाली."

"मान दुखते," मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. "टेस्टिंगमध्येही प्रून्स दिसले होते. मला वाटलं तुमच्या प्रवाशांना बद्धकोष्ठ असेल. तसं रिपोर्टमध्ये लिहून मी सही केली आहे. जरा सभ्य शब्दांत."

एचआरच्या बाईंना खोकला आला. ग्रॅहमने माझ्या ईमेलच्या प्रिंटची घडी घातली आणि म्हणाला, "दॅट्स नॉट आयडियल." दोन वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत कडक शिवी.

मॉरीन म्हणाल्या, "खरं सांगायचं तर काही जणांना असतंच, ग्रॅहम."

त्यांची जागा रद्द झाली नाही. अंदाज आता सप्लायरआधी त्यांच्याकडे जातो आणि त्यांनी मंजूर केल्याशिवाय पुढे सरकत नाही, असा बदल मी त्याच आठवड्यात केला. माझ्याबद्दल पुण्याला एक पत्र गेलं. माझी बढती दोन वर्षं लांबली आणि मला कार्डिफच्या एका प्रोजेक्टवर हलवलं. संदीप माझ्या जागी आला. काकूंनी त्याला पहिल्या दिवशी समोर बसवून फाइल मोठ्याने वाचायला लावली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्ट प्लॅनमध्ये एक ओळ असते: जो माणूस हे काम हाताने करतो, त्याच्या शेजारी दोन दिवस बसणे. क्लायंट विचारतात, यातून आम्हाला नक्की काय मिळणार? मला सांगता येत नाही. मग ते ती ओळ खोडतात. मी ते दोन दिवस टेस्टिंगच्या तासांत दाखवतो आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसतो.